वेशीच्या आतला पहारा

रावेर-यावलची केळी समुद्रमार्गे आखातात जातात ती मुख्यतः न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातून. याच बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे कामकाज जून २०१७ च्या अखेरीस ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक प्रोग्रॅममुळे विस्कळीत झाले. हे टर्मिनल मर्स्क या डॅनिश उद्योगसमूहाशी संलग्न होते आणि त्या समूहाच्या जाळ्यात हा प्रोग्रॅम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, म्हणजे विश्वासाच्या वाटेने, शिरला होता. वेशीवर पहारा कितीही कडक असला, तरी आत आलेल्याला घरोघर शिरू न देणे हे ज्याच्या त्याच्या दाराच्या कडीचेच काम असते, आणि सर्व्हरची अंगभूत फायरवॉल ही अशी कडी होय.

ही फायरवॉल वेगळे यंत्र नसून ऑपरेटिंग सिस्टिमचाच भाग असते: लिनक्सच्या गाभ्यात ‘नेटफिल्टर’ ही यंत्रणा २००१ पासून आहे, तर विंडोज सर्व्हरमध्ये २००८ च्या आवृत्तीपासून फायरवॉल मुळातच चालू असते. नेटवर्कवरून येणाऱ्या माहितीच्या प्रत्येक तुकड्यावर, म्हणजे पॅकेटवर, तो कोठून आला आणि कोणत्या पोर्टकडे, म्हणजे कोणत्या सेवेच्या क्रमांकाकडे, निघाला आहे हे नोंदलेले असते. फायरवॉल ही नोंद नियमांशी ताडून पाहते आणि ज्याला स्पष्ट परवानगी नाही ते पॅकेट टाकून देते. मात्र सर्व्हरने स्वतः केलेल्या विचारणेचे उत्तर ती ओळखून आत घेते. धुळ्यातील एखाद्या पतसंस्थेत दुरून सर्व्हर हाताळण्याचे ३३८९ हे पोर्ट केवळ व्यवस्थापकाच्या संगणकासाठी खुले ठेवले, तर इतर कोठूनही पासवर्ड चाचपून पाहण्याची संधीच उरत नाही.

नॉटपेट्या ज्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून पसरला, ते फायलींच्या देवाणघेवाणीचे पोर्ट असून, जेथे त्याची गरज नाही तेथे ते बंद ठेवण्याने काहीच अडत नाही. तथापि हा प्रोग्रॅम व्यवस्थापकांचे पासवर्डही चोरत असे, आणि परवानगी असलेल्या संगणकावरून खऱ्या पासवर्डनिशी आलेल्याचा हेतू फायरवॉलला कळत नाही. शिवाय जेथे हे पोर्ट खुले ठेवावेच लागते, तेथे त्या सेवेतील त्रुटीवर मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिलेली दुरुस्ती बसवणेही तितकेच आवश्यक होते.

लहान कार्यालयांत मात्र धोका बहुधा साध्या सल्ल्यातून येतो: नवे सॉफ्टवेअर चालेना की ‘फायरवॉल बंद करून बघा’ असे सांगितले जाते आणि काम झाल्यावर ती पुन्हा चालू करण्याचे कोणाच्याही लक्षात राहत नाही, वास्तविक त्या सॉफ्टवेअरपुरते एक पोर्ट खुले करण्याचा नियम लिहिणे हे काही मिनिटांचे काम असते.