विड्याचं पान ही भाजी का?

आईनं पालेभाजी आणायला पाठवलं आणि तुम्ही विड्याच्या पानांची चळत घेऊन घरी आलात, तर? "हिरवीगार आहेत, वेलीवर येतात, खाताही येतात. मग भाजी का नाही?" असा वाद घालून बघा. (पुढे जे होईल त्याला मी जबाबदार नाही!)

हसू नका. हाच वाद अकोल्याहून निघून थेट दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला होता. 1961 मध्ये त्याचा निकाल लागला.

झालं असं, की अकोल्याकडे तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडचा 1947 सालचा विक्रीकर कायदा लागू होता. भाज्यांना कर माफ, पानांना मात्र नाही. विक्रेते म्हणाले, "आमची पानंही भाजीच की!" कायदा इंग्रजीत, त्यातला शब्द 'व्हेजिटेबल्स'. शब्दकोशात त्याचा एक अर्थ नुसता 'वनस्पती' असाही सापडतो. आणि ही पानं जिच्यावर येतात ती नागवेल तर वनस्पती आहेच, काळ्या मिरीची चुलत बहीण!

पण मग वडाचं झाडसुद्धा भाजीच म्हणायचं का?

न्यायाधीशांनी शब्दकोश बाजूला ठेवला. रोजच्या खरेदी-विक्रीवरचा कर आहे ना, मग साधी माणसं बोलताना जो अर्थ घेतात, तोच धरायचा. परसात पिकते, जेवणात वाढतात, ती भाजी.

मला मात्र त्यांचा दुसरा धागा जास्त आवडला. अगदी गुप्तहेराला शोभेल असा! करमाफीच्या यादीत सुरुवातीला भाज्या होत्या 6व्या क्रमांकावर आणि विड्याची पानं वेगळी, 36व्या क्रमांकावर. पानं भाजीतच मोडत असती, तर त्यांना निराळी ओळ कशाला? त्यात 1948 मध्ये ती ओळच काढून टाकली गेली. म्हणजे पानांची माफी कायदा करणाऱ्यांनीच काढून घेतली होती. विक्रेते हरले.

अमेरिकेत 1893 मध्ये टोमॅटोवरून असाच खटला झाला, फक्त उलटा. तिथे बाहेरून येणाऱ्या भाज्यांवर 10 टक्के कर होता, फळांवर नव्हता. म्हणून व्यापारी म्हणत होता, टोमॅटो हे फळ! तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, वनस्पतिशास्त्राप्रमाणे फळच आहे, काकडी-वाटाण्यासारखं. पण लोक ते जेवणात खातात, जेवणानंतरचं गोड म्हणून नाही. तेव्हा, भरा कर!