तर्री सोडा, मटकी ठेवा

नाशिकमध्ये कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर संध्याकाळी फेऱ्या संपवून ज्येष्ठ मंडळी टेकली, की गप्पा जेवणावर येतात. "रात्री काही नाही हो, वाटीभर खिमट." "मी तर दूध-पोळीवरच भागवतो." वय झालं की हलकं खावं, हे आपल्याकडे पक्कं बसलंय. पोषणशास्त्राला यातलं अर्धंच मान्य आहे.

उतारवयात ऊर्जेची गरज घटते, प्रथिनांची नाही. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजतात; मग खुर्चीतून उठताना हात आपसूक गुडघ्यांवर जातात. आयसीएमआरच्या 2020च्या शिफारशीनुसार प्रौढांना वजनाच्या किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं हवीत. वृद्धांना 1 ते 1.2 ग्रॅम लागतात, असं 'प्रॉट-एज' या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटानं 2013मध्ये सुचवलं. म्हणजे 60 किलोच्या आजोबांना किमान 60 ग्रॅम. कपभर दुधातून मिळतात जेमतेम सहा-सात.

हाडांची सोय सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या डोंगरउतारांवर पिकते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017च्या तक्त्यांत 100 ग्रॅम नागलीत 364 मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, ज्वारीत साधारण 28. पण नागलीतलं फायटेट ते कॅल्शियम धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. त्यावरचा उपाय घराघरांत होताच: नागली भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सुकवून मंद भाजायची आणि दळायची. मोड येताना फायटेट घटतं. हे सत्त्व आपण बाळासाठी करतो. दात नसलेल्या आजीलाही ते तितकंच सोसतं.

तिसरी उणीव बी-12ची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांना 2006च्या अभ्यासात पुणे परिसरातल्या सुमारे दोन तृतीयांश पुरुषांत ते कमी आढळलं, आणि हे पुरुष म्हातारेही नव्हते. डाळी-भाज्यांत बी-12 नसतं. दूध, दही, अंडी, मासे यांतून मिळतं. वयानुसार जठरातलं आम्ल घटलं, की अन्नातून ते शोषलंही कमी जातं. म्हणून साठीनंतर एकदा रक्त तपासून घ्यावं.

साठी उलटली की नाशिककर मिसळ सोडतो. तर्री सोसत नाही, हे खरं. पण तिच्याबरोबर प्रथिनं देणारी बिचारी मटकीही ताटातून उठते. ती मऊ शिजवून, कमी तिखटाची, ताकासोबत रात्रीच्या खिमटाशेजारी वाढा. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि ट्रॅकवरच्या फेऱ्या चालू ठेवा. व्यायामावाचून नुसत्या मटकीनं दंड भरत नाहीत.