पाळीपूर्वीचे दिवस : त्रास कशाने वाढतो?

मासिक पाळीपूर्वीच्या आठवड्यात चिडचिड, रडू येणे, पोटफुगी, अंगदुखी अनेक स्त्रियांना जाणवते व पाळी सुरू होताच ती ओसरते. घरात तिला 'स्वभाव' म्हटले जाते. वस्तुतः बीजविमोचनानंतर संप्रेरकांत होणाऱ्या चढउतारांना शरीराने व मेंदूने दिलेला तो प्रतिसाद असतो. १९५३ साली डॉ. कॅथरिना डाल्टन व डॉ. रेमंड ग्रीन यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये या लक्षणसमूहाची सविस्तर मांडणी केली.

संप्रेरके कुणाच्या हाती नाहीत. त्रास वाढविणाऱ्या काही गोष्टी मात्र घराच्या हाती आहेत. पहिली, अपुरी झोप. गिरगाव-लालबागच्या एकत्र कुटुंबांत दुकान वाढवून मंडळी उशिरा परततात. सून सर्वांत शेवटी निजते आणि पहाटे पाणी भरण्यास उठते. दुसरी, ताण : मार्चअखेरचे हिशेब, मुलांच्या परीक्षा, पाहुण्यांची वर्दळ. तिसरी, आहार. पापड, लोणचे, फरसाण यांतील मिठाने अंगावर सूज येऊ शकते. वारंवार घेतलेला चहा झोप उडवितो.

तपाचाही विचार हवा. दिवसाकाठी पाच कप चहा घेणारीने एकाएकी उपवास धरला, तर चहा सुटल्यानेच डोके दुखू लागते. म्हणून पर्युषणापूर्वी आठवडाभर चहा हळूहळू कमी करावा. आयंबिलात दूध-दही वर्ज्य असल्याने नाचणीची भाकरी उपयोगी पडते. तिच्यात कॅल्शियम विपुल असते. सूर्यास्तापूर्वीचे हलके जेवण मात्र झोपेला साह्यच करते.

अर्धशिशी, दमा, अपस्मार, नैराश्य हे विकारही या दिवसांत बळावू शकतात. त्यांची औषधे उपवासातही स्वतःहून बंद करू नयेत, वैद्यांना विचारावे. सलग दोन पाळ्यांची रोजची नोंद वहीत ठेवावी. निदानास तीच उपयोगी ठरते. परळची के.ई.एम. व वाडिया प्रसूतिगृह ही दोन्ही रुग्णालये १९२६ पासून याच परिसरात सेवा देत आहेत. जीव नकोसा वाटू लागला, तर पाळी येण्याची वाट न पाहता १४४१६ या 'टेली-मानस' क्रमांकावर बोलावे.

तत्त्वार्थसूत्राने त्याग व तप शक्तीनुसार करावयास सांगितले आहे. त्या चार-पाच दिवसांत सुनेची शक्ती किती, हे सासूने व पतीने आपुलकीने विचारणे, हीही घरातली अहिंसाच होय.