एका बादलीची पडतळ

दुकानात आलेल्या मालाची पडतळ काढताना खरेदीचा भाव, भाडे, हमाली, तूट आणि गुंतलेल्या भांडवलाचे व्याज, सारे काही धरले जाते. त्याच कुटुंबात रोज सकाळी तापणाऱ्या पाण्याची पडतळ मात्र क्वचितच कोणी काढते. गिझर घेताना त्याची किंमत विचारली जाते, फार तर हमी किती वर्षांची आहे ते पाहिले जाते. पुढील दहा वर्षे तो रोज किती खाणार, हा प्रश्न राहूनच जातो. हिवाळ्यात पंखे थांबले तरी विजेचे बिल अपेक्षेइतके उतरत नाही, तेव्हा घरातील मुलांना दिवे बंद करण्याची ताकीद मिळते. दिवा बिचारा नऊ वॉटचा असतो. दोन हजार वॉटचा ग्राहक स्नानगृहाच्या भिंतीवर निवांत बसलेला असतो.

हिशेबाचा आरंभ पाण्यापासूनच करावा. एक लिटर पाणी एक अंशाने तापवण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. स्नानाची बादली वीस लिटरची, टाकीतील पाणी वीस अंशांचे आणि अंगाला सोसेल असे पाणी चाळीस अंशांचे धरले, तर एका बादलीस ४०० किलोकॅलरी लागतात. पाच माणसांच्या घरात रोज २००० किलोकॅलरी. हा आकडा कोणत्याही जाहिरातीने कमी होत नाही. फरक पडतो तो दोनच ठिकाणी: इंधनाचा भाव काय, आणि त्यातील किती उष्णता प्रत्यक्ष पाण्यात उतरते.

विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी उष्णता असते आणि गिझरमधील कॉइल ती जवळजवळ सगळी पाण्याला देते. टाकीच्या अंगातून आणि नळातून थोडी निसटते. ती वजा केली तर हाती सुमारे ७७५ राहतात. म्हणजे एका बादलीस अर्ध्या युनिटाहून किंचित अधिक, पाच जणांस रोज २.६ युनिट, महिन्यास सुमारे ७८ युनिट. इथवरचे गणित सोपे आहे. चूक होते ती पुढे, युनिटचा भाव लावताना.

बहुतेक लोक बिलाच्या एकूण रकमेस एकूण युनिटांनी भागतात आणि येणाऱ्या सरासरी दराने गिझरचा खर्च मांडतात. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: १०० युनिटांपर्यंत एक, १०१ ते ३०० पर्यंत दुसरा, ३०१ ते ५०० पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा. उद्या गिझर बंद केला तर बिलातून जी युनिटे कमी होतील ती तळाच्या स्वस्त टप्प्यातील नव्हेत, वरच्या महाग टप्प्यातील असतील. म्हणून गिझरला भाव लावायचा तो शेवटच्या टप्प्याचा. दर आणि अधिभार वरचेवर बदलतात. समजुतीसाठी सर्व आकार धरून पहिल्या टप्प्यास साडेसहा, दुसऱ्यास बारा आणि तिसऱ्यास सतरा रुपये मानू. एकट्या राहणाऱ्या वृद्ध दांपत्याच्या घरी, जिथे महिन्याचा वापर शंभर युनिटांच्या आत आहे, तिथे एक बादली साडेतीन रुपयांच्या आत पडते. मध्यम कुटुंबात तीच सव्वासहा रुपयांना. आणि दोन फ्रिज, दोन वातानुकूलन यंत्रे असलेल्या मोठ्या एकत्र कुटुंबात पावणेनऊ रुपयांस. गिझर तोच, पाणी तेच, पडतळ अडीचपट. शेजाऱ्याला जे परवडले ते आपल्याला परवडेलच, असे म्हणण्यात काही अर्थ राहत नाही तो यामुळे. खाली दुकान आणि वर घर अशी ज्यांची वास्तू आहे, त्यांनी तर गिझरची तार कोणत्या मीटरवरून गेली आहे हे एकदा पाहून घ्यावे. व्यापारी जोडणीचा दर निराळा असतो, आणि जुन्या पेठांतील वाड्यांत ही सरमिसळ पुष्कळ आढळते.

गिझरवरील ताऱ्यांविषयीही एक गैरसमज आहे. साठवणीच्या गिझरला ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोकडून मिळणारे तारे हे भरलेली टाकी नुसती उभी असताना किती उष्णता गमावते, यावर ठरतात. जो गिझर दिवसभर चालूच असतो त्याच्या बाबतीत पाच तारे पैसे वाचवतात. जो अर्धा तास आधी लावून स्नाने उरकताच बंद होतो, त्याच्या बाबतीत तीन आणि पाच ताऱ्यांतील फरक अल्प आहे. बादलीत बुडवायचा रॉडही विजेच्या हिशेबात गिझरहून महाग नाही. परंतु विजेचा धक्का बसण्याचा धोका पाहता, मुले असलेल्या घरात तो असू नये.

आता गॅस. एक किलो एल.पी.जी.मध्ये सुमारे ११,००० किलोकॅलरी असतात. तात्काळ पाणी देणारा गॅस गिझर त्यातील ८० टक्के पाण्यात उतरवतो, असे धरले तर १४.२ किलोचा एक सिलिंडर विजेच्या सुमारे १६० युनिटांचे काम करतो. ही एक तुलना लक्षात ठेवली की दर वर्षी नव्याने हिशेब मांडावा लागत नाही: सिलिंडरच्या भावास १६० ने भागावे आणि येणारा आकडा आपल्या विजेच्या शेवटच्या टप्प्याशी ताडून पाहावा. सिलिंडर ८५० रुपयांस धरला तर आकडा सव्वापाचच्या आसपास येतो. म्हणजे पहिल्या टप्प्यातील छोट्या कुटुंबास गॅसने फारसे काही साधत नाही. तिसऱ्या टप्प्यातील कुटुंबाचा खर्च मात्र तिपटीहून अधिक उतरतो. मुंबई-पुण्यात जिथे नळाचा गॅस आहे तिथे एक घनमीटर गॅस विजेच्या सुमारे नऊ युनिटांच्या बरोबरीचा मानावा.

एवढ्यावरच थांबले तर गॅस गिझर हाच सर्वांत स्वस्त सौदा ठरतो. परंतु या मालाला एक अशी तूट आहे जी बिलात दिसत नाही. गॅस जळण्यास हवा लागते. लहान, बंद स्नानगृहात लावलेला गिझर तेथील प्राणवायू संपवू लागतो. ज्योतीला हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा त्याची ओढ दोनशेपटीहून अधिक आहे, त्यामुळे श्वास चालू असतानाच शरीर गुदमरते. डोके जड होते, मळमळते, पायांतील बळ जाते. आणि स्नानगृहाची कडी आतून लावलेली असते. गळणाऱ्या गॅसचा वास येतो म्हणून माणूस सावध होतो. हा वायू सावध करीत नाही. हिवाळ्यात वृत्तपत्रांत येणाऱ्या अशा बातम्यांत नवविवाहित सून असते, परीक्षेला निघालेला मुलगा असतो. एका पाठोपाठ एक स्नाने होत असताना शेवटी जाणाऱ्याचा धोका सर्वाधिक, आणि आपल्या घरांत शेवटी स्नान करणारी व्यक्ती बहुधा कोण असते हे सांगणे नको.

म्हणून गिझर आणि सिलिंडर, दोन्ही स्नानगृहाबाहेर, मोकळ्या हवेत हवेत. आत फक्त गरम पाण्याचा नळ यावा. ड्राय बाल्कनी असल्यास उत्तम. झरोका आहे, पंखा आहे, आजवर काही झाले नाही, ही तिन्ही कारणे पुरेशी नाहीत. बाहेर जागा नसेल, तर गॅस गिझर कितीही स्वस्त पडो, त्या घरापुरता हा पर्याय वहीतून खोडून टाकावा. कॉइलमध्ये क्षार साचतात, ज्योतीची छिद्रे बुजतात. वर्षातून एकदा सफाईचा खर्चही पडतळीत धरावा.

कोल्हापूर-सांगलीकडे तांब्याचा बंब अजून काही घरांत धगधगतो. लाकडाच्या उष्णतेतील एक तृतीयांश पाण्यात उतरली तरी किलोभर सुक्या लाकडावर जवळजवळ तीन बादल्या तापतात, आणि करवंट्या वा शेतातील काटक्या घरच्याच असल्या तर पडतळ शून्यावर येते. असे वहीत दिसते खरे. पहाटे उठून बंब पेटवणारीचे श्रम आणि तिने गिळलेला धूर यांना वहीत रकाना नसतो. पुष्कळ घरांत तो बंब आता चिंचेने घासून दिवाणखान्यात ठेवला जातो. तेही बरेच झाले.

सौर बंबाविषयी विक्रेते एक ठरलेले वाक्य सांगतात: चार वर्षांत पैसे वसूल. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. शंभर लिटरची यंत्रणा २५,००० रुपयांस पडली आणि पावसाळ्याचे ढग, तसेच वैशाखात कोणाला नकोसे होणारे गरम पाणी वगळून ती वर्षातील दोनशे दिवस खरोखर उपयोगी आली, असे धरू. दुसऱ्या टप्प्यातील पाच जणांच्या कुटुंबात ती रोज ३१ रुपयांची वीज वाचवते. वर्षास ६,२०० रुपये. चार वर्षांत वसुली होते, व्याज धरल्यास पाच. परंतु हेच कुटुंब आधीपासून गॅस गिझर वापरत असेल, तर रोजची बचत चौदा रुपयांच्या आतच राहते आणि वसुलीस नऊ वर्षे लागतात. म्हणजे सौर बंबाचा परतावा सूर्यावर जितका अवलंबून आहे, तितकाच तो कशाच्या जागी बसतो यावर आहे. बारा-पंधरा माणसांचे एकत्र कुटुंब, विजेचा वरचा टप्पा आणि स्वतःची गच्ची, हे तीन योग जुळून आले तर याहून चांगली गुंतवणूक घरात दुसरी नसेल. काही महानगरपालिका मिळकतकरात सवलतही देतात.

बोअरचे पाणी जड असेल तर पातळ तांब्याच्या नळ्यांची पट्टीपद्धत टाळावी, त्या क्षाराने चोंदतात. काचेच्या निर्वात नळ्यांची यंत्रणा अधिक टिकते. तीस मीटर खाली पाणी उतरवायचे असेल तर गरम धार येण्याआधी नळातील पाच लिटर थंड पाणी वाहून जाते. ते निराळ्या बादलीत धरावे, धुण्याभांड्यास उपयोगी पडते.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेमुळे आणखी एक पर्याय पुढे आला आहे. गच्चीवरील तीन किलोवॉट वीजनिर्मितीस ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते, आणि मग गिझर विजेवरचाच ठेवला तरी चालतो. शंभर लिटरच्या सौर बंबास दोनच चौरस मीटर जागा पुरते. तेवढ्याच उष्णतेची वीज करण्यास त्याच्या तिपटीहून अधिक लागते. पण बंबाचे पाणी चैत्र-वैशाखात वाया जाते आणि वीज मात्र त्याच दिवसांत पंख्यांना, वातानुकूलनास कामी येते. जागा मुबलक असेल तर वीज, अपुरी असेल तर बंब.

हीट पंप हवेतील उष्णता ओढून पाण्यास देतो; एका युनिटात तीन युनिटांचे काम होते. घरगुती वापरास त्याची किंमत अजून जड आहे. धर्मशाळा, वसतिगृह, अतिथिगृह यांच्या विश्वस्तांनी मात्र अंदाजपत्रक मागवून पाहावे. जिथे रोज शे-दीडशे बादल्या लागतात, तिथे पडतळ एक तृतीयांशावर येणे ही मोठीच गोष्ट आहे.

एक खर्च अद्याप उरला, आणि तो जैन घरांचा खास आहे: पिण्याच्या उकळलेल्या पाण्याचा. घरात अनेकांचा नियम असेल आणि रोज वीस लिटर पाणी उकळले जात असेल, तर पंचवीस अंशांपासून शंभरापर्यंत १५०० किलोकॅलरी लागतात. शेगडीवर ज्योतीतील साठ-बासष्ट टक्केच उष्णता भांड्यात जाते. म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या जवळपास गॅस, जवळजवळ तेवढाच जेवढा गॅस गिझर पाच जणांच्या स्नानास घेतो. महिन्यास जवळजवळ अर्धा सिलिंडर. चातुर्मासात सिलिंडर लवकर का संपतो, याचे उत्तर बहुधा याच पातेल्यात असते.

या पाण्याचे आगाऊ साठवणही करता येत नाही. श्वेतांबर परंपरेत त्याची मर्यादा पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच प्रहरांची मानली जाते. अन्यत्र ती निराळी आहे. सौर टाकीतील पाणी यासाठी घेऊ नये, त्या टाक्या पिण्याच्या पाण्यासाठी नसतात. बचतीची जागा शेगडीवरच आहे. भांडे रुंद बुडाचे असावे, ज्योत बुडाबाहेर जाऊ नये आणि उकळी येईपर्यंत झाकण असावे. पाणी एकदा उकळू लागले की आच वाढवल्याने ते अधिक तापत नाही, नुसती वाफ होते. आणि एक लिटर पाण्याची वाफ होण्यास ५४० किलोकॅलरी खर्च होतात, म्हणजे सव्वा बादलीहून अधिक स्नानाचे पाणी. तीन उकळ्या आल्या की शेगडी बंद करून पाणी परातीत ओतावे.