थाप ओळखणारी चकती

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात "बझरची चकती द्या, सत्तावीस एमएमची" म्हटलं की काउंटरवर पितळी चकत्यांचा ढीग येतो. गाणाऱ्या शुभेच्छापत्रात, गजराच्या घड्याळात हीच चकती वीज घेते आणि वाजते. मला मात्र तिचं उलटं काम हवं असतं: तिच्यावर थाप पडावी आणि तिने वीज द्यावी. पंधरा वर्षं मी घरी ड्रमचे ट्रिगर बनवतोय. तरी नवी चकती ऑसिलोस्कोपला जोडून टिचकी मारली आणि पडद्यावर तो उंच सुळका उठला, की अजूनही अंगावर शहारा येतो.

इतिहास थोडक्यात सांगतो. दाबाने वीज देणारे स्फटिक क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवले. 'मूडी ब्लूज'चा ड्रमर ग्रॅम एज याने ससेक्स विद्यापीठातल्या ब्रायन ग्रोव्हज यांच्या मदतीने बनवलेले इलेक्ट्रॉनिक ड्रम १९७१ मध्ये वाजले, १९८१ मध्ये सिमन्सचे षटकोनी पॅड आले, १९८५ मध्ये रोलँडचा ऑक्टापॅड आणि १९९७ मध्ये त्याच कंपनीचे जाळीचे पॅड. ऑक्टापॅड आपल्याकडे असा रुजला की आज बँजो पार्टी म्हटलं की तो आलाच.

मला या नादाला लावलं तेही परळच्या एका बँजो पार्टीतल्या ऑक्टापॅडवाल्याने. हळदीच्या कार्यक्रमाआधी त्याने मला काठ्या हातात दिल्या. मी दणकून मारलं. तो म्हणाला, "दादा, जोर नका लावू. हात हलका सोडा, ते ऐकतंय." रबराखालचं हे 'ऐकणारं' काय आहे, हा प्रश्न घेऊनच मी घरी आलो.

उत्तर होतं हीच चकती. तिचं सर्किट अगदी साधं आहे. चकतीच्या दोन टोकांमध्ये एक मेगओहमचा रेझिस्टर, म्हणजे साठलेला भार वाहून जातो. जोरदार फटक्याला चकती कित्येक व्होल्ट फेकते, म्हणून सिग्नल वाचणारा आर्डुइनो बोर्ड जपायला ५.१ व्होल्टचा झेनर डायोड. आर्डुइनो तो विद्युतदाब ० ते १०२३ या आकड्यात वाचतो, त्यातला सर्वोच्च बिंदू पकडतो आणि मिडी या वाद्यांच्या डिजिटल भाषेतल्या १ ते १२७ या मापात बसवून पुढे पाठवतो. चकतीवरच्या पांढऱ्या सिरॅमिकवर सोल्डरची गन क्षणभरच टेकवावी. जास्त तापलं तर थर बिघडतो आणि तार थरासकट सुटून येते. जोडावर गरम गोंदाचा एक थेंब टाकला की बरीच चिंता मिटते.

पण माझ्या मते खरी कारागिरी फोममध्ये आहे. जाळी आणि चकती यांच्यामध्ये फोमचा शंकू बसवतात. त्याचं टोक पॅडच्या कडेपेक्षा तीन-चार मिलिमीटर वर ठेवावं, म्हणजे जाळी ताणल्यावर ते किंचित दबून राहतं. फोम कडक असेल तर काठी नीट उसळत नाही. फार मऊ असेल तर हलकी थाप वाटेतच विरते. मी गादीचा फोम, पॅकिंगचा फोम, चपलेचा सोल असं सगळं कापून पाहिलं. शंकू बरोबर मध्यभागी असला तर त्याच्यावरच पडलेला फटका इतर जागांपेक्षा फार मोठा वाचला जातो. म्हणून आता मी तो थोडा कडेला सरकवतो. फटक्यानंतर जाळी थरथरत राहते आणि एकाच थापेचे दोन ठोके वाजतात. त्यासाठी पहिल्या दोन-तीन मिलिसेकंदांत सुळका मोजायचा आणि पुढचे तीसेक मिलिसेकंद कान बंद ठेवायचे. ही मुदत वाढवली की जलद रोल गिळला जातो. तिथे आकडा कामाला येत नाही, वाजवणाऱ्याच्या हाताकडेच पाहावं लागतं.

इथून माझं मन नेहमी तबल्याकडे वळतं. शाईमुळे तबल्याच्या पुडीचे उपस्वर मूळ स्वराशी जुळतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये शोधनिबंधातून मांडलं. काठीच्या फटक्यात मुख्यतः जोर सांगायचा असतो. तबल्यात बोट कुठे पडलं, उचललं की टेकून राहिलं, यावर बोल ठरतो. एका चकतीच्या सर्वोच्च बिंदूत यातलं काहीच उरत नाही.

म्हणून वर्षभर मी एका जाळीच्या पॅडवर दोन चकत्या लावून बोटांनी वाजवतोय. एक मध्याजवळच्या शंकूखाली आणि एक कडेला. बोटांची थाप इतकी नाजूक की ठोका मानण्याचा उंबरठा खाली आणावा लागतो आणि मग पंख्याची घरघरही ठोका म्हणून वाजते. पंखा बंद करून रात्री बसतो. किनारीच्या 'ना'ला कडेची चकती आधी बोलते, मधल्या 'ते'ला मधली. दोघींतला फरक अगदी निसटता, पण पडद्यावर तो रोज त्याच जागी दिसतो.