वहीचं मागचं पान

पहाटे ५.३०
सप्टेंबरचा तिसरा शनिवार, जगभर किनारे साफ करायचा दिवस. त्यात वद्य चतुर्थी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा इथला जुना हिशेब. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनला भरती आणि नऊच्या सुमारास पूर्ण सुकती. संकष्टी, म्हणून पोह्यांच्या जोडीला साबुदाण्याची खिचडी. ती करणाऱ्या काकू चारलाच उठल्यात. वहीच्या मागच्या पानावर पहिली नोंद त्यांची.

६.४५
आरे आणि वारे, मधे डोंगराची सोंड. दोन पुळणींवर दोन तुकड्या. हातमोजे, गोणी, सुतळी. वहीचं पुढचं पान कचऱ्याचं. १९८६मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर ही मोहीम सुरू झाली, तेव्हापासून उचललेली वस्तू मोजून लिहायची रीत आहे. बाटली, चप्पल, दोरी. मोजलं की कचरा कुठून आला ते कळतं.

८.००
वाळूत अर्धं पुरलेलं नायलॉनचं जाळं. चौघांनी ओढूनही हलेना. एक तांडेल गुडघ्यांवर बसले, सुरीने एकेक आस कापत गेले. आत अडकलेला खेकडा अलगद सोडवला, मगच जाळं वर आलं.

पलीकडे आठवीतली एक मुलगी पिठाची चाळणी घेऊन बसली आहे. पावसाळ्यात फुटलेला थर्माकोल साबुदाण्यासारखा वाळूत मिसळतो. ती ओंजळ ओंजळ वाळू चाळते. इतकं चाळूनही तिची पिशवी जेमतेम भरली. काट्यावर ठेवली तर काटा हलायचा नाही.

९.३०
पाणी फिरलं. एक दादा सकाळपासून आमच्याकडे पाठ करून समुद्राकडे तोंड करून उभे आहेत, तोंडात शिट्टी. कुणी गुडघाभर पाण्यात गेलं की वाजलीच. त्यांनी एकही बाटली उचललेली नाही. आम्ही सगळ्यांनी निर्धास्त वाकून काम केलं, ते त्यांच्या जिवावर.

११.००
गोणी रस्त्यावर, तिथून टेम्पोत.

१२.१५
सुरूच्या सावलीत आभार. गेल्या वर्षी पाहुण्यांना शाल-श्रीफळ दिलं, तेव्हा टेम्पोवाले दादा कचरा उतरवायला गेले होते. त्यांचं नाव राहूनच गेलं. ते काही बोलले नाहीत. मला मात्र वर्षभर टोचत राहिलं. म्हणून आज टेम्पो परतल्यावरच वही उघडली.

२०१५मध्ये वर्सोव्याचा किनारा साफ करायला अफरोज शाह उतरले, तेव्हा सोबत एकच शेजारी होते: ८४ वर्षांचे हरबंश माथुर. पुढे शाह यांना संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. पण पहिल्या दिवशी सोबत आलेल्या माणसाचं नावही सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

‘सर्वांचे आभार’ म्हटलं नाही. एकेकाचं नाव आणि काम वाचलं. ‘थर्माकोलचे दाणे, दोन तास, एकटीने.’ मुलगी आईच्या पदराआड गेली. शिट्टीवाल्या दादांसाठी तांडेल स्वतः उठून उभे राहिले.

संध्याकाळी ६.३०
काकूंची पातेली पोचवायला गेले. त्या किनाऱ्यावर आल्या नव्हत्या, म्हणून ओटीवर बसून त्यांची नोंद त्यांना वाचून दाखवली.

‘ह्यात काय गो लिहायचं!’ म्हणाल्या. मग जरा थांबून, ‘खिचडी पुरली ना सगळ्यांना?’

पुरली, काकू. तेही लिहिलंय.