हंगामी कामगार, कायमचा बहिरेपणा

मंगळवेढा म्हटलं की आधी ज्वारी आठवते. तिला भौगोलिक मानांकनही आहे. पण दिवाळीच्या आगेमागे गव्हाणीत मोळी पडली की तालुक्याचं वेळापत्रक ऊस ठरवू लागतो. संत दामाजी सहकारी साखर कारखान्याचा हा तालुका. इथल्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी गाळपाच्या पाळीवर असतो.

साखर कारखाना, मग तो कुठलाही असो, आवाजाचंच घर. केन कटर, फायबरायझर, टर्बाईन, सेंट्रिफ्यूगल, बॉयलरचे पंखे, आणि वाफ सोडताना उठणारी ती किंकाळी. अशा ठिकाणी जुना फिटर बेअरिंगला लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवतो, मूठ कानाशी धरतो आणि सांगतो, ‘ग्रीस संपलंय.’ यंत्राचं दुखणं कानाने ओळखणाऱ्या या माणसाचा कानच आधी जातो.

आतल्या कानात ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. पाळी उतरल्यावर कान भरल्यासारखे वाटतात आणि सकाळपर्यंत मोकळे होतात, म्हणून कुणी मनावर घेत नाही. वाऱ्याने आडवी झालेली ज्वारी एक-दोनदा सावरते, पण रोजच वारा झोडपू लागला तर पीक उठत नाही. मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. नुकसान सुरू होतं ते बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांत. त्यामुळे स, श, त, थ निसटतात आणि नातवंडांचं बोलणं ‘ऐकू येतं, पण कळत नाही’. घरचे म्हणतात, ह्यांचं लक्षच नसतं. दुखत नाही, रक्त येत नाही. मग दवाखान्यात जातो कोण?

कायद्याला हे ठाऊक नाही, असं नाही. कारखाने अधिनियम, 1948 च्या तिसऱ्या अनुसूचीत गोंगाटाने येणारा बहिरेपणा ‘कळवण्याजोगा’ आजार म्हणून नोंदला गेला. म्हणजे तो आढळला की डॉक्टरांनी कारखाने निरीक्षकांना कळवायचं. 2020 च्या नव्या कामगार संहितेतल्या यादीतही तो आहे. नियमांतली मर्यादा आठ तासांना 90 डेसिबल, 95 ला चार तास, 100 ला दोन तास. ही सवलत मला फार सैल वाटते. अमेरिकेतली व्यावसायिक आरोग्याची संशोधन संस्था, ‘नायोश’, आठ तासांना 85 डेसिबल धरते आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करते. त्या हिशोबाने 100 डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं! शिवाय रिलिव्हर आला नाही आणि डबल पाळी करावी लागली, तर आठ तासांचं कोष्टकच मोडीत निघतं.

खरी गोम मात्र भरपाईत आहे. 1923 च्या कामगार भरपाई कायद्याने आवाजाने येणाऱ्या बहिरेपणाला व्यवसायजन्य आजार मानलं, पण तो ज्या भागात घातला तिथे एकाच मालकाकडे सलग सहा महिने नोकरीची अट आहे. गाळप हंगाम चार-पाच महिन्यांचा. कायम कामगार त्यातून तरेल, पण कंत्राटदाराने हंगामापुरता आणलेला माणूस इथेच अडतो. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या कारखान्यावर जातो आणि कान कुणाच्या आवारात गेला याचा पुरावा कुणाकडेच राहत नाही. म्हणूनच कामावर घेताना आणि पुढे दरवर्षी ऑडिओमेट्री, म्हणजे कानतपासणी, करून तिची प्रत कामगाराच्या हाती द्यायला हवी. फायलीत पडून राहिलेला अहवाल त्याच्या काय कामाचा?

बहुतेक ठिकाणी सुरक्षेच्या नावाने इअरप्लग वाटले जातात. खरं तर तो शेवटचा उपाय. आधी टर्बाईनवर आच्छादन, वाफेच्या निकासाला सायलेन्सर, ऑपरेटरला काचबंद केबिन. ते करूनही जो आवाज उरेल त्याला प्लग. तोही नीट बसला पाहिजे. हात धुवायचे, कारण ग्रीसच्या बोटांनी फोम वळला की कानात घाण जाते. फोम वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. कापसाचा बोळा हा नुसता समाधानाचा उपाय. आठ तासांच्या पाळीत अर्धा तास जरी प्लग काढून ठेवला, तरी 30 डेसिबलचं संरक्षण 12 च्या आसपास उतरतं.

मीटर हाताशी नसेल तर साधी खूण आहे: हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर आवाज धोक्याचा समजावा.

कानतपासणी गाळप चालू असताना, रात्रपाळी उतरल्या उतरल्या केली, तर थकलेला कान आणि गेलेला कान यांत फरकच करता येत नाही. कारखाना बंद असतो, मिलचे रोलर बाहेर काढलेले असतात, फिटर देखभाल-दुरुस्तीत गुंतलेले असतात, ते महिने त्यासाठी बरे. टर्बाईनचं आच्छादनही तेव्हाच बसवता येतं. एकदा बॉयलर पेटला की ते राहतं पुढच्या हंगामावर.